हात भरवणारा ताओ

ताओ शुआनजू टोफू करायचा आणि मार खायचा. आमच्या झाओवान गावात कुणालाही विचारा, त्याची ओळख याच क्रमाने सांगतील. टोफू बरा होता. मार मात्र असा खायचा की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात.

उजाडायच्या आत तो गाढवाला जात्याला जुंपायचा, आणि ते सोयाबीन दळत फिरायला लागलं की हा मेंग वस्तादांच्या खळ्यात जाऊन रिंगणात फिरायला लागायचा. "दोघांत फरक एवढाच," त्याची बायको गुइश्यांग म्हणायची, "गाढवाच्या डोळ्यांवर पट्टी असते." पण तेही खरं नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं वस्तादांनी ताओच्याही डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

मेंग घराण्याची तालीम बाहेरच्याला मारामारी वाटतच नसे. खळ्यात एका जुन्या बोरीच्या झाडाशेजारी मातीत पाऊल रुतेल एवढं खोल गोल रिंगण पडलेलं होतं, वस्तादांच्या उभ्या हयातीतल्या चालण्याने पडलेलं. नव्या पोराला पहिलं वर्षभर त्यात नुसतं चालायला लावत. पाऊल सपाट, चिखलातून काढल्यासारखं. खांद्याच्या उंचीवर सुतळी ताणलेली, तिच्याखालून गुडघ्यांत वाकून जायचं. डोकं सुतळीला लागलं की फेरे पहिल्यापासून. निम्मी पोरं तिथेच पळून जात आणि तालुक्याला जाऊन सायकली दुरुस्त करायला लागत. जे टिकत त्यांना मग ऐकायला शिकवत. कानाने नव्हे, मनगटाने. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि रिंगणात फिरायचं. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे, तो जोर करणार की सोडणार, हे कातडीला कळलं पाहिजे. दोन मनगटांच्या मध्ये पितरांसाठी जाळतात तो पिवळा कागद धरायचे. कागद पडला तर तू पळालास. फाटला तर तू भांडलास. न पडता, न फाटता शंभर फेरे झाले की वस्ताद "हं" म्हणत. हे "हं" मिळवायला ताओला सात वर्षं लागली, आणि त्या दिवशी त्याने घरोघरी फुकट टोफू वाटला.

पण तो पट्ठा झाला नाही, तो भरवणारा झाला. डाव करायला समोर खरा जोर लागतो. तो जोर रोज वस्तादांच्या हातात कुणीतरी आणून द्यावा लागतो, लेकराला घास भरवावा तसा. घास गिळला की भरवणाऱ्याने जमिनीवर जायचं. एकतीस वर्षं ताओने घास भरवले आणि एकतीस वर्षं तो जमिनीवर गेला. त्याच्याइतकं चांगलं ऐकणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता, पण जो रोज पडतो त्याच्या हुशारीकडे कोण बघतो?

आता, वस्ताद म्हटला की एक डाव राखून ठेवणारच. मेंग वस्तादांनीही ठेवला होता. त्यांच्या सहा पट्ठ्यांनी तो पाहिलाही नव्हता, पोटच्या पोरीलाही त्यांनी तो दिला नाही. पण डाव नुसता मनात ठेवला तर गंजतो. म्हणून बाकीचे यायच्या आत, रोज एकदा, ते तो ताओवर करत. फिरता फिरता वस्तादांचं मनगट एकदम पोकळ व्हायचं, कंबर आत वळायची, आणि ताओ स्वतःच्याच जोराने त्यांच्यामागे जाऊन पडायचा. सुरुवातीला तो खरोखर पडत होता. पुढे वस्ताद म्हातारे झाले, त्यांची डावी टाच घासत चालायला लागली, आणि ताओ पडून द्यायला लागला. खरं पडणं कधी संपलं आणि मान राखणं कधी सुरू झालं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वस्तादांना तर कळलंच नाही.

त्या वर्षी थंडीत जिल्ह्याहून दोन माणसं घराण्याची माहिती लिहून घ्यायला आली. वस्तादांनी सहा पट्ठ्यांना ओळीने उभं केलं, फोटो काढला, नावं लिहून दिली. ताओ तिथेच होता. त्याच्या दोन्ही हातांवर सगळ्यांचे कोट होते. "शुआनजू, तू कोट सांभाळ," वस्ताद म्हणाले होते. वाईट हेतूने नव्हे. त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि नेमकं तेच ताओच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मनगटं जुळली. बोरीचं एक मूळ रिंगणात घुसलेलं होतं, तिथे वस्तादांनी डाव टाकला. मनगट पोकळ झालं, कंबर वळली. आणि ताओ गेला नाही. त्याने ठरवलं वगैरे काही नव्हतं. त्याचा जोर त्याच्याजवळच राहिला, एवढंच. वस्ताद कुणाच्याच भाराविना वळले, पाय मुळाला अडला आणि ते कमरेवर पडले. हाड मोडल्याचा आवाज ताओने कानाने ऐकला नाही, पायाखालच्या जमिनीतून ऐकला.

अडुसष्टाव्या वर्षी मोडलेलं खुब्याचं हाड कसलं जुळतंय! अकराव्या दिवशी वस्ताद गेले. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "बर्फावरून घसरलो." त्या सकाळी बर्फ नव्हताच.

माती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी ताओ सवयीने खळ्यात गेला. रिंगणात पांढरं दहिवर पडलेलं होतं. त्याने उजवा हात पुढे केला, निव्वळ सवयीने, आणि मनगटावर भार आला.

तो भार त्याच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं ज्याच्या हाडाशी आपलं हाड घासलं तो हात माणूस कसा विसरेल? ताओ चालायला लागला, कारण भार चालायला लागला. मुळाजवळ आल्यावर भार थांबला. नुसता थांबला. दाबेना, सोडेना. समोरच्या भिंतीवर ऊन आलं तेव्हा गेला. ताओने मागे वळून पाहिलं. दहिवरात त्याची पावलं उमटली होती, आणि त्यांच्यासमोर दुसरी, डावी टाच घासलेली.

पुढे रोज तेच. ताओने आपल्या परीने सगळं करून पाहिलं. मुळाजवळ भार थांबला की त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं, नेहमीपेक्षाही छान पडला, नाक फुटलं. पण उठून हात वर नेला तर भार तिथेच, हवेत, जसाच्या तसा. त्याने पालथं पडून कपाळ मातीला लावलं, माफी मागितली. तरी भार तिथेच. एक दिवस तो खळ्यात गेलाच नाही. त्या सकाळी टोफूचं फडकं पिळताना त्याचा हात आपोआप वर उठला आणि ऊन येईपर्यंत तसाच हवेत राहिला. गिऱ्हाईक भांडं तिथेच टाकून पळालं. त्यानंतर ताओने गैरहजेरी लावली नाही. गाढव मात्र खळ्याच्या वाटेने जाईना. मारलं तरी जाईना.

मनगटावर बाहेरच्या बाजूला निळा डाग पडला. तो पिवळा पडायच्या आत नवा निळा पडायचा. महिन्याभरात हात कोपरापर्यंत गार पडला, दुसऱ्या महिन्यात खांद्यापर्यंत. टोफूची अख्खी लादी हातातून निसटून फुटली, कारण बोटांना ती धरल्याचं कळलंच नाही.

"कुणाचा हात धरता हो रोज?" गुइश्यांगने विचारलं.

"कुणाचा नाही."

"सवत असती तर बरं होतं. निदान जिवंत असती."

ताओने बाही ओढून निळा डाग झाकला. वस्ताद आपल्याला न्यायला येतात, एवढं त्याला कळून चुकलं होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. शंभराव्या दिवसासाठी वस्तादांची मुलगी येणार होती.

चिउयेन तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायची. चाळिशीची, सडसडीत, बापासारखीच जाड मनगटाची. लहानपणी रिंगणात ताओच्या खांद्यावर बसून तिने फेरे मोजले होते, पुढे स्वतः उतरली आणि सहा पट्ठ्यांना घाम फोडायला लागली. ताओला पोर नव्हतं. तिच्या तोंडून "ताओकाका" ऐकलं की त्याचा दिवस चांगला जायचा. ते ऐकणं बंद होईल, हेच त्याला नको होतं.

नव्व्याण्णवाव्या दिवशी ती थेट टोफूच्या छपरात आली.

"ताओकाका, केवढे वाळलात! काकू, जेवायला घालत नाही का यांना?"

"घालते गं," गुइश्यांग म्हणाली, "पण खाणारा एक आहे की दोन, तेच कळत नाही."

चिउयेन हसली. ताओ हसला नाही. तिने बाक ओढला आणि सरळ मुद्द्यावर आली. "उद्या दुपारी रिंगण बुजवायचं. ल्वोदादा सगळ्यांना घेऊन येतोय." ल्वो म्हणजे थोरला पट्ठा. मेंग घराण्याची रीतच तशी: वस्ताद गेल्याच्या शंभराव्या दिवशी पट्ठ्यांनी रिंगण उलटं चालायचं, मग शेतातली माती टाकून ते बुजवायचं आणि वर राळे पेरायचे. नंतर त्या जागी कुणी हाताला हात लावायचा नाही.

"बुजवायच्या आधी मला बाबांचा तो राखलेला डाव हवाय, रोज पहाटे तुमच्यावर करायचे तो," ती म्हणाली.

"मला कुठे येतो? मी नुसता पडायचो."

"साच्याला विचारलं तर तोही म्हणेल, मला टोफू येत नाही. मी बाबांच्या जागी उभी राहते, तुम्ही भरवा. चुकलं तर पडू नका, बरोबर आलं की पडा. झालं."

"पोरी, माझा हात आता चांगला नाही."

"एक फेरा, काका. उद्या माती पडली की तो डाव गेला. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल ते."

नाही म्हणावं तर डाव बुडाला, हो म्हणावं तर हात सगळं सांगणार. जीभ खोटं बोलते, मनगट बोलत नाही, आणि चिउयेनचे मनगटाचे कान तिच्या बापाने तयार केले होते. ताओने मान हलवली. हो की नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिने हो धरलं.

दुसऱ्या दिवशी राळ्याची पेज पिऊन दोघं खळ्यात आली. ऊन चांगलं वर आलं होतं, शेतात गहू हिरवागार होता. बोरीला मात्र अजून पान नव्हतं. त्या सकाळचा फेरा ताओने एकट्याने उरकला होता, भार येऊन, थांबून, गेला होता. चिउयेनने पितरांच्या कागदांच्या चळतीतून एक कागद काढून मनगटावर धरला, ताओने आपलं मनगट त्याला लावलं. गरम, जिवंत मनगट. शंभर दिवसांत पहिल्यांदाच.

तीन फेरे झाले. मुळाजवळ तिने बाप कसा वळत असेल त्याच्या अदमासाने कंबर वळवली. ताओने ठरवलं होतं, मुकाट्याने पडायचं. पण त्याच्या अंगाने त्याला विचारलं नाही. जोर जवळच राहिला. चिउयेन पुढे गेली, पाय मुळाला अडला, आणि तिने बोरीच्या खोडाला घट्ट धरलं म्हणून वाचली.

तिने पाय अडलेल्या त्या मुळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

"बाबा घसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्ही गेला नाहीत."

"मी गेलो नाही." मग ताओच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. फोटो, कोट, ते मूळ, जमिनीतून ऐकलेलं हाड. "म्हाताऱ्याला मारलं मी, चिउयेन. एका फोटोपायी. आणि ते रोज येतात. मला न्यायला येतात."

"कुठे येतात?"

ताओने हात पुढे केला. ऊन डोक्यावर येत होतं, आता काही यायचं नाही असं त्याला वाटलं. पण भार आला. चिउयेनने खाली पडलेला कागद उचलला आणि त्याच्या मनगटावर बाहेरच्या बाजूने टेकवला. आपला हात काढून घेतला. कागद पडला नाही. ताओ चालायला लागला. वारा होता, कागदाच्या कडा फडफडत होत्या, पण मधोमध तो त्याच्या मनगटाला चिकटून होता, पलीकडून कुणी धरल्यासारखा. रिंगणातल्या धुळीत, ताओच्या समोर, घासल्याची एक बारीक रेघ पुढे पुढे उमटत होती.

चिउयेनच्या तोंडाचा रंग उडाला. पण ती पळाली नाही, रिंगणाच्या कडेने बरोबर चालत राहिली. मुळाजवळ भार थांबला.

"इथे थांबतात," ताओ म्हणाला. "मी पडून पाहिलं. पाया पडलो. ऐकत नाहीत."

ती त्या कागदाकडे बघत राहिली. "काका, शेवटचे अकरा दिवस बाबांचा उजवा हात पांघरुणावर सारखा वळवळत होता. मनगट असं आत, मग बाहेर. शेजारणी म्हणाल्या, मरणारं माणूस पांघरूण चिवडतंच. मी तो हात दाबून धरायची." "रागावले की बाबा थांबायचे का हो कधी? दोन थपडा द्यायचे आणि जेवायला बसायचे. थांबायचे ते अडल्यावर. आठवतं, ल्वोदादा एकदा चुकून त्यांच्या डावातून सुटला होता, तर दोन दिवस जेवले नाहीत. परत कर, परत कर, म्हणून त्याच्यामागे लागले होते."

ताओने कागदावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला न्यायला नाही येत ते," चिउयेन म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते त्यांना कळलेलं नाही. आणि तुम्ही रोज फक्त पडताय, नाहीतर माफी मागताय."

"मग काय करू?"

"परत करा."

"तुझ्या बापाला पुन्हा पाडू?"

"पाडा, काका. मी सांगते."

ताओचे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. दिसायची गरजही नव्हती. त्याने शंभर दिवसांत पहिल्यांदा खरा जोर पुढे केला, घास भरवला. भार पोकळ झाला, वळला, आणि ताओने जोर काढून घेतला. मुळापाशी धूळ उडाली. आवाज काहीच नाही. क्षणभराने भार पुन्हा मनगटावर येऊन बसला, आणि या वेळी तो थांबला नाही, त्याने ताओला घाईघाईने फेऱ्यात ओढलं. चिउयेन एक हात तोंडावर दाबून उभी होती. ताओने दुसऱ्यांदा पाडलं. पुन्हा धूळ. भार पुन्हा आला. तिसऱ्या फेऱ्यात मूळ जवळ आलं, ताओने भरवलं, तो काढून घ्यायला गेला, पण काढून घ्यायचा जोर हातात उरलाच नव्हता. वस्ताद अर्धं पाऊल आधीच वळले होते. ताओची जमीन सुटली, आभाळ एकदा पायाखालून गेलं, आणि तो पाठीवर धाडकन आदळला. पडून दिलं नव्हतं त्याने. कित्येक वर्षांनी तो खरोखर पडला होता.

त्या निष्पर्ण बोरीखाली, भर उन्हात, दोघांनीही ऐकलं: "हं."

"उठा," चिउयेन त्याला दंडाला धरून ओढत होती, रडत होती, हसतही होती. "उठा काका, हात द्या. विसरायच्या आत मला द्या."

त्याने दिला. अर्धं पाऊल आधी कुठे वळायचं ते त्याच्या अंगात ताजं होतं. तिला ते नवव्या फेऱ्यात सापडलं, आणि तिने त्याला असं काही आपटलं की गुइश्यांगला पुढे आठवडाभर पाठीला शेक द्यावा लागला.

दुपारी ल्वो आणि पाच पट्ठे आले, फावडी घेऊन. कागद जाळले. ल्वोने दोन शब्द सांगितले, वस्ताद बर्फावरून घसरले नसते तर अजून वीस वर्षं जगले असते, असं म्हणाला.

"ते घसरले नाहीत," ताओ म्हणाला. "मी पाडलं त्यांना."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग ल्वोने प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ताओ, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. तू? वस्तादांना?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. चिउयेन पुढे झाली, पण ताओने तिचं मनगट धरलं. तिने ऐकलं, आणि गप्प राहिली. मग सगळे ओळीने रिंगणात उतरून उलटे चालले, माती टाकली, राळे पेरले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ताओ नेहमीच्या वेळी जागा झाला. चुलीच्या धगीवरच्या उबदार ओट्यावर तो उठून बसला आणि त्याने उजवा हात पुढे केला. हात बोटांच्या टोकांपर्यंत उबदार होता. त्याने वाट पाहिली. बाहेर गाढव खूर आपटत होतं, भिंतीवर ऊन आलं. मनगटावर काहीही नव्हतं. एकतीस वर्षांनी आता त्याच्यासमोर कुणी नव्हतं, आणि ताओ लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

गुइश्यांग दचकून जागी झाली. "काय झालं? हात दुखतोय का?"

"नाही गं," तो म्हणाला. "आता दुखत नाही."